बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

बीपीची गोळी मधेच सोडून देणाऱ्या माणसाला आपण निष्काळजी म्हणतो. मला ते पटत नाही. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून मी अशी माणसं रोज बघते. त्यांच्यातले बहुतेक जण चांगले हिशेबी असतात. ताप आला, गोळ्या घेतल्या, ताप उतरला, गोळ्या थांबवल्या. खोकला गेला, बाटली फडताळात गेली. दुखलं तर औषध आणि राहिलं की बंद, हा नियम त्यांना जन्मभर उपयोगी पडलेला असतो. तोच ते बीपीला लावतात. हा आजार त्या नियमात बसत नाही, कारण तो दुखतच नाही.

आमचं दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं येतात. डॉक्टरांची चिठ्ठी कधीच हरवलेली असते. सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट निघतं. "हीच द्या ताई, पण दहाच." मग कात्रीने पाकीट कापायचं. कापताना मी एक काळजी घेते. ज्या टोकाला औषधाचं नाव आणि मुदत छापलेली असते ते टोक गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असं बघते, नाहीतर पुढच्या वेळी त्याच्या हातात नुसती चांदी उरते. दहा गोळ्या म्हणजे दहा दिवस. पण तेच आबा पुढे दीड महिन्याने दिसतात आणि सांगतात, "अजून चार हायत की." विचारलं की कळतं, डोकं जड झालं तेवढ्याच दिवशी घेतली. बाकीचे दिवस बरे गेले.

डोकं जड होणं आणि बीपी यांचा मेळ लोकांच्या मनात पक्का बसलाय. खरं तर दाब खूपच चढल्याशिवाय डोकं सहसा दुखत नाही, आणि कित्येकांचं तेव्हाही दुखत नाही. एकशेऐंशी-एकशेदहा बीपी घेऊन माणूस दिवसभर ऊस तोडतो, संध्याकाळी भजनाला बसतो. त्याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. मानेतल्या मोठ्या धमन्या जिथे फुटतात तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब एकाएकी वाढला किंवा उतरला तर ती मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचा वेग, धमन्यांचं आकसणं तेवढ्यापुरतं बदलून घेतो. पण दाब महिनोन्‌महिने चढलेलाच राहिला, तर ही टोकं त्या चढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब धरायला लागतात. मग ती काही कळवत नाहीत. आतला पहारेकरीच गप्प बसतो.

आणि पुढची गंमत नव्हे, पुढची अडचण अशी की गोळी सुरू केल्यावर काही दिवस माणसाला आधीपेक्षा वाईट वाटू शकतं. चढलेल्या दाबाला सरावलेलं शरीर तो उतरला की थोडं भांबावतं. उठताना अंधारी येते, गळून गेल्यासारखं होतं. ॲम्लोडिपीनने काहींच्या पायाला सूज येते. एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने एसटीच्या लांबच्या प्रवासात पंचाईत होते. म्हणजे ज्याला काहीच होत नव्हतं त्याला औषधाने त्रास झाला. "गोळी बाधली" असं तो म्हणतो आणि बंद करतो. त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर यात वेडेपणा काय आहे? त्याला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं की सूज आली तर डॉक्टर गोळी बदलून देतात, खोकला लागला तर दुसऱ्या जातीची गोळी मिळते, आणि अंधारी बऱ्याचदा काही आठवड्यांत जाते. ते सांगायला दवाखान्यातल्या गर्दीत वेळ नसतो.

शिकलेसवरलेले डॉक्टरही एके काळी असाच विचार करायचे. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजायची युक्ती इटलीतल्या रिवा-रोची यांनी 1896 साली काढली. 1905 साली रशियातल्या कोरोत्कोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायची पद्धत दाखवली आणि वरचं-खालचं असे दोन्ही आकडे मिळायला लागले. आकडा हातात आला, पण त्याचं करायचं काय हे पुढची कितीतरी वर्षं ठरेना. म्हाताऱ्या होत चाललेल्या कडक धमन्यांतून रक्त पुढे ढकलायला दाब वाढायलाच हवा, तो शरीराने स्वतःच केलेला बंदोबस्त आहे, असं मोठमोठे वैद्य मानत. लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी 1931 साली सांगितलं होतं की वाढलेल्या रक्तदाबाचा सगळ्यात मोठा धोका तो सापडण्यात आहे, कारण मग कोणीतरी मूर्ख तो उतरवायला बघणारच.

त्या काळात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं काय झालं ते वाचलं की अंगावर काटा येतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 1944 च्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा बीपी 186/108 होतं आणि हृदय थकलं होतं. हृदयाला बळ देणारं डिजिटॅलिस, विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी, एवढंच हातात होतं. 1945 च्या फेब्रुवारीत ते काळ्या समुद्राकाठच्या याल्टाला चर्चिल आणि स्टालिन यांच्यासोबत युद्धानंतरच्या जगाची वाटणी ठरवत बसले होते, तोवर आकडा 260/150 पर्यंत गेल्याची नोंद आहे. 12 एप्रिलला दुपारी डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय असं म्हणाले आणि कोसळले. तेव्हा दाब 300/190 होता. मेंदूत रक्तस्राव. वय 63. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडे जे औषध नव्हतं, ते आज माझ्या दुकानात खालच्या खणात असतं आणि महिन्याला एका वेळच्या भाजीएवढाही खर्च येत नाही.

ते औषध मिळण्याच्या वाटेवर आपली मुंबई येते, हे फार कमी जणांना माहीत असतं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैद्य फार पूर्वीपासून वापरत. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी 1931 साली तिने रक्तदाब उतरतो असं लिहून ठेवलं. पण बाहेरच्या जगाला ते कळलं परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन काय घडलं ते बारकाईने नोंदवलं आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. रूझवेल्ट गेल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. 1957 साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

याच्याही पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दाब उतरवला की आकडा उतरतो हे दिसलं, पण माणूस वाचतो का? ते डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधून दाखवलं. खालचं बीपी 115 ते 129 असलेले 143 पुरुष त्यांनी घेतले. 73 जणांना खरं औषध, 70 जणांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. खऱ्या औषधातल्या तीन द्रव्यांपैकी एक रेसर्पिन होतं. अभ्यास फार काळ चालवावाच लागला नाही. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू, पक्षाघात आणि इतर गंभीर प्रसंग मिळून 27 झाले. औषध घेणाऱ्यांमध्ये 2. हे 1967 साली छापून आलं आणि त्यानंतर जॉन हे यांच्या त्या मूर्खाची गोष्ट कोणी सांगितली नाही. रेसर्पिन आता मागे पडलंय, त्याने काही जणांना खोल उदासी यायची, आणि त्याहून चांगली औषधं आली. तरी केईएमच्या त्या कामाची आठवण आपण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माझे थोरले मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर तपासणीत बीपी निघालं. गोळी सुरू झाली, त्यांनी ती शिस्तीने घेतली, डायरीत आकडे लिहिले. काही महिन्यांनी आकडा 130/80 आला. आता नॉर्मल आहे म्हणून त्यांनी गोळी बंद केली. गोळीमुळे तो नॉर्मल होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढे कधीतरी एका सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा पडला. मामी धावत आली तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि शब्द फुटत नव्हता.

ते वाचले. चालायलाही लागले, काठी घेऊन, उजवा पाय ओढत. बोलणं मात्र गेलं ते पुरतं परत आलं नाही, कारण बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि घाव तिथेच बसला होता. मामीला हाक मारायला तिचं नाव सापडत नसे. चहा हवा असला तरी "पाणी", पंखा लावायचा असला तरी "पाणी". स्वतःलाच ते कळायचं आणि डोळे भरून यायचे. पण मी एकदा त्यांच्या शेजारी बसून "बे एके बे" म्हटलं, आणि मामा पुढे सुरू झाले. बे दुणे चार, बे त्रिक सहा, एकही अडखळ नाही, आवाज वर्गातला. मग पावकी, निमकी, दीडकी. घोकलेलं, गायलेलं, तोंडात बसलेलं मेंदूच्या वेगळ्या वाटेने येतं, म्हणून बोलणं गेलेल्या माणसाचीही आरती, पाढे, कधीकधी शिवीसुद्धा शाबूत राहते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मामी दारात उभी राहून दीडकी ऐकत होती. तिला त्यात आशा दिसली. मला त्या दिवशी फक्त राग आला होता, कोणावर ते सांगता येणार नाही.

मेंदूवरचा घाव निदान दिसतो. बाकीची हानी कित्येक वर्षं दिसतही नाही. जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, मग ताठ, मग थकते, आणि एक दिवस जिना चढताना दम लागतो. तेव्हा माणूस म्हणतो, वय झालं. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात. त्यांच्यात शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती दाबाने जाड होतात, आतली वाट अरुंद होते, गाळण्या एकेक करून बंद पडतात. रक्त कमी पोहोचतंय असं समजून मूत्रपिंड स्वतःच दाब वाढवणारी द्रव्यं सोडायला लावतं, म्हणजे ज्याने त्याचं नुकसान केलं त्यालाच ते आणखी बळ देतं. लघवीला सारखा फेस येणं ही त्याची एक खूण असू शकते. डोळ्याच्या पडद्यावरच्या धमन्या तर डॉक्टरांना बाहेरून दिसतात. शरीरातली अशी ही एकच जागा.

दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून 2002 साली जे प्रसिद्ध झालं ते असं: चाळीस ते सत्तरच्या दरम्यानच्या माणसाचं वरचं बीपी 115 पासून पुढे दर 20 ने वाढलं, की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. 140/90 ही आपण आखलेली रेघ आहे. धमन्यांना ती रेघ ठाऊक नसते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी सांगायचीच म्हणून मी लिहायला बसले. बीपीची गोळी न्यायला येणारी माणसं त्याच फेरीत "ती गुडघ्याची लाल गोळी" मागतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक. या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण कमी होतो, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी असं तिन्ही रोज चाललं तर मूत्रपिंड अचानक बसू शकतं. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं द्रव्य असतं, तेही धमन्या आवळतं. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं. गुडघा खरोखर दुखतो, हे मला मान्य आहे. दिवसभर वाकून भांगलण करणाऱ्या बाईला मी "सहन करा" कसं म्हणू? पण तिने डॉक्टरांना दोन्ही दुखणी एकदम सांगायला हवीत. गुडघ्यासाठी एक डॉक्टर आणि बीपीसाठी दुसरा, आणि एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही, असं फार चालतं. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दिसतात त्या माझ्या काउंटरवर.

मिठाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळं मिळून. आपण त्याच्या दीडपट ते दुप्पट खातो. "मी वरून मीठ घेत नाही" असं सांगणाऱ्याच्या ताटात पापड, लोणचं, खर्डा, कुरडई आणि संध्याकाळच्या चहाबरोबर फरसाण असतं. ठेचा वाटताना मीठ किती पडतं ते वाटणारीला विचारा. सैंधव चालतं असा समज आहे, पण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर केलेल्या एका अभ्यासात काही सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं मीठ दिलं, आणि पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. 2021 सालची ही गोष्ट. तसं मीठ आपल्याकडेही मिळतं. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय ते वापरू नये, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मोजण्याबद्दलही कळकळीने सांगते. धावत यायचं, स्टुलावर टेकायचं, स्वेटरवरूनच पट्टा बांधून घ्यायचा आणि मशीन चालू असताना भावकीतल्या भांडणाची हकीकत सांगायची, यातून येणारा आकडा कोणाच्या कामाचा नसतो. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक न टाकता. दंड उघडा, हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू-मिश्री नको. दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा जास्त येतो. दवाखान्यात घाबरून चढणारं बीपी असतं, तसं दवाखान्यात बरोबर आणि घरी चढलेलंही असतं, म्हणून घरच्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. गरोदर बाईचं मात्र निराळं. पाचव्या महिन्यानंतर 140/90 आलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

2017 च्या अखेरीस सरकारने उच्च रक्तदाबासाठी एक उपक्रम पाच राज्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्र होता. त्यातल्या कल्पना साध्या आहेत. ठरलेल्या मोजक्याच गोळ्या, एका वेळी महिन्याभराच्या द्यायच्या, मोजायला नर्सबाई, कार्डावर पुढची तारीख, आणि माणूस आला नाही तर त्याला फोन. मला यातलं फोन करणं सगळ्यात आवडतं. देशभर घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना हा आजार दिसला, असं 2023 साली प्रसिद्ध झालं. एवढ्या माणसांना तज्ज्ञ डॉक्टर पुरणार नाहीत. उपकेंद्रातली ताई पुरेल. आमच्या दुकानातही आम्ही आता पाकिटाच्या पिशवीवर पुढची तारीख पेनाने लिहितो, आणि जो आला नाही त्याच्या घरी निरोप देतो.

परवा जेसीबी चालवणारा एक पोरगा आला, पस्तिशीचाही नसेल. कंपनीच्या तपासणीत 160/100 निघालं होतं. चिठ्ठी पुढे केली आणि विचारलं, "ताई, आता जन्मभर का ही?"

म्हटलं, बहुतेक हो. वजन उतरवलंस, मीठ आणि तंबाखू कमी केलीस तर डॉक्टर डोस कमी करतील, एखाद्याची गोळी सुटतेही. पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचं, तू बरं वाटतंय म्हणून नाही.

"मग मला कळणार कसं, चढलंय का उतरलंय?"

"मोजूनच."

त्याला ते पटायला वेळ लागला. शरीर आपलं आणि आपल्यालाच कळत नाही, हे कोणालाही पटायला वेळ लागतो. मग त्याने तीस गोळ्या घेतल्या, पिशवीवरची तारीख वाचली आणि जाता जाता विचारलं, वडिलांना आणू का मोजायला. त्यांचं आजवर कधी मोजलंच नव्हतं. उद्या सकाळी आण म्हटलं, आणि येताना बसस्टँडवर चहा पाजू नकोस.